दहा किलो वाचले, पण साठा किती उरला?

‘लिथियम बॅटरी बसवली की दहा किलो वाचतात, बाकी काही बदलत नाही’ हे गाडीतल्या लिथियम स्टार्टर बॅटरीवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. पोर्शने २०१० च्या सुमारास ९११ जीटी३ या स्पोर्ट्स कारसाठी अशी बॅटरी पर्याय म्हणून दिली, तेव्हा वजन सहा किलोच्या आत होतं आणि ६० ॲम्पिअर-अवरच्या (हे साठ्याचं माप) नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून जास्त कमी. पण तिची खरी क्षमता १८ ॲम्पिअर-अवरच होती! पोर्श तिला ‘साठच्या तोडीची’ म्हणत असे ते स्टार्टर फिरवण्यापुरतं, गाडी नुसती उभी ठेवायला नव्हे. गाडी बंद असताना अलार्म आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मिळून ५० मिलिॲम्पिअर खात असतील तर ६० वाली कागदावर ५० दिवस पुरते, १८ वाली जेमतेम १५. ट्रॅकवरच्या गाड्या तर महिनोन्महिने झाकूनच असतात. शून्याखालच्या थंडीत ही लिथियम बॅटरी नीट स्टार्ट देत नाही म्हणून पोर्श सोबत साधी बॅटरीही देत असे, हेही लेखात यायला हवं होतं.

आमच्या पुण्यात बर्फाची भीती नाही. इथे घोळ होतो तो चार्जरचा. पावसाळ्यात गाडी उभी असते म्हणून मित्राने लिथियम बॅटरीला लेड-ॲसिडचा, म्हणजे साध्या बॅटरीचा, जुना ‘रिकंडिशन’वाला (थकलेली बॅटरी सुधारायचा मोड असलेला) चार्जर लावून ठेवला होता. त्या मोडमध्ये व्होल्टेज पंधराच्या वर जातं, एलएफपीला (लिथियम-आयर्न-फॉस्फेट, या बॅटरीचा प्रकार) साधारण १४.६ च्या पुढे नको. बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) चार्जिंग तोडलं म्हणून बॅटरी वाचली. बॅटरी घेताना लिथियमचा चार्जर हिशोबात धरा.