स्मार्ट कापडाच्या जोरावर गिरण्या परत येणार नाहीत

‘स्मार्ट कापडामुळे कापड उद्योग मायदेशी परतेल’ हा दावा सध्या अमेरिकेसारख्या महाग मजुरीच्या देशांबद्दल जोरात फिरतो आहे. मांडणी साधारण अशी: आता धाग्यातच सेन्सर आणि तारा असतील. इतकं गुंतागुंतीचं कापड स्वस्त मजुरीच्या देशांना जमणार नाही. सगळं काम यंत्रं करतील, म्हणून मजुरीतल्या फरकाला अर्थ उरणार नाही. आणि बंद गिरण्यांमध्ये पुन्हा हजारोंना रोजगार मिळेल. कापड आपापल्या देशात बनावं असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच हा दावा मला घातक वाटतो, कारण तो पैसा आणि लक्ष दोन्ही चुकीच्या जागी ओढून नेतो.

पहिलं म्हणजे, ही लाट नवी नाही. अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठात सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने १९९६च्या सुमारास नौदलाच्या निधीतून ‘स्मार्ट शर्ट’ विकसित करायला घेतला. सैनिकाला गोळी कुठे लागली हे ओळखण्यासाठी त्यात प्रकाशतंतू विणलेले होते. २००० साली फिलिप्स आणि लीवाइसने इलेक्ट्रॉनिक जॅकेट बाजारात आणलं. २०१७ मध्ये गूगल आणि लीवाइसचं ‘जॅकार्ड’ जॅकेट आलं, किंमत ३५० डॉलर. त्याच्या बाहीवर बोट फिरवून फोन चालवता येत असे आणि ते साधारण दहा धुण्यांपर्यंत टिकेल असं सांगितलं जात होतं. २०२३ मध्ये त्याचं ॲपच बंद झालं. ज्या वर्षी हे जॅकेट आलं, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथली १९०५पासून चाललेली व्हाइट ओक ही डेनिमची गिरणी बंद पडली.

इतक्या हुशार लोकांना हे का साधलं नाही? कारण कापड वाकतं, ताणलं जातं, घासतं, घामाने आणि साबणाने भिजतं, आणि सर्किटला यातलं काहीच मानवत नाही. वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारा, धागा बहुधा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा असतो. धुताना मुलामा झिजत जातो, धाग्याचा विद्युतरोध वाढतो आणि सेन्सरचे आकडे बेभरवशाचे होतात. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मऊ धागा आणि कडक चिप यांचा सांधा. कापड वाकलं की सगळा ताण तिथेच येतो आणि बिघाडही बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. त्यात भर म्हणजे दोन धंद्यांची तपासणीच वेगळी. कापडवाला रंग पक्का आहे का, कापड आकसतं का, त्यावर गोळे येतात का हे बघतो, तर इलेक्ट्रॉनिक्सवाला जोडण्या आणि विद्युतरोध बघतो. विणलेल्या इलेक्ट्रॉनिक कापडासाठी आयपीसी-८९२१ हे मानक निघालं तेच मुळी २०१९ मध्ये.

आता यंत्रं आणि रोजगार. ‘यंत्रंच सगळं करतील’ आणि ‘हजारोंना काम मिळेल’ ही दोन वाक्यं एकाच दाव्यात बसतात तरी कशी? साउथ कॅरोलायनातल्या गॅफ्नी इथल्या पार्कडेलच्या सूतगिरणीचं उदाहरण बघा. २०१३ मध्ये तिथे साधारण १४० माणसं आठवड्याला २५ लाख पौंड सूत काढत होती. तेवढ्याच सुताला १९८० साली दोन हजारांहून जास्त माणसं लागली असती. सूत परतलं, माणसं परतली नाहीत.

जिथे माणसं खरोखर लागतात, ती जागा म्हणजे शिलाई. कापड लुळं असतं, सुरकुततं, उचलताना सरकतं, त्यामुळे यंत्रमानवाला ते अजून नीट हाताळता येत नाही. अमेरिकेत तयार कपड्यांच्या कारखान्यांत १९९० साली नऊ लाखांहून अधिक लोक होते, आज एक लाखही नाहीत. मजुरीतली तफावत होतीच, त्यात आयातीवर मर्यादा घालणारी १९७४पासूनची कोट्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडत २००५च्या सुरुवातीला संपली. कापडात तारा नव्हत्या म्हणून हे कारखाने गेले नाहीत. उलट, तारा घातल्या की शिलाई अवघड होते: सुई वाहक धागा तोडू शकते, आणि शिवणीच्या अलीकडचं सर्किट पलीकडच्याशी जोडावं लागतं. शिमा सेइकी या जपानी कंपनीचं अख्खा कपडा शिवणीविना विणणारं यंत्र १९९५पासून आहे, हे खरं. विणीच्या कपड्यांसाठी ते उत्तमच आहे. तरीही बहुतेक कपडे आजही कापून, शिवूनच तयार होतात.

‘स्वस्त मजुरीच्या देशांना जमणार नाही’ याला आदिदासने उत्तर दिलंच आहे. कंपनीने जर्मनीतल्या आन्सबाख आणि अमेरिकेतल्या अटलांटा इथे बूट बनवणाऱ्या स्वयंचलित ‘स्पीडफॅक्टरी’ उभारल्या. २०१९ मध्ये त्या बंद करण्याची घोषणा झाली आणि तिथलं तंत्र व्हिएतनाम आणि चीनमधल्या पुरवठादारांकडे नेण्याचं ठरलं. सूत, शिलाई आणि इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी ही तिन्ही कामं पूर्व आशियात एकमेकांच्या जवळ आहेत. स्मार्ट कापडाला नेमकी हीच जवळीक लागते.

सरकारी पैशाचा दाखलाही दिला जातो. २०१६ मध्ये एमआयटीत योएल फिंक यांच्या पुढाकाराने प्रगत कापडाची संस्था उभी राहिली, सरकारी आणि खासगी मिळून सुमारे ३१.७ कोटी डॉलरची. तिथल्या संशोधनाबद्दल मला आदर आहे. पण प्रयोगशाळेतला तंतू आणि रोज हजारो मीटर कापड काढणारी गिरणी यांच्यामध्ये रंगाई, फिनिशिंग, शिलाई आणि खात्रीचा गिऱ्हाईक लागतो.

तो गिऱ्हाईक कुठे आहे? साध्या तांत्रिक कापडात: गाळण्या, एअरबॅग, रुग्णालयातली वस्त्रं, रस्त्याखाली अंथरायचं कापड. २०२० मध्ये मास्कसाठी जगभर टंचाई झाली ती मेल्टब्लोन कापडाची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या, स्थिर विद्युतभार दिलेल्या न विणलेल्या थराची. त्यात एकही चिप नसते. ते बनवणारं यंत्र मागवलं तर हाती पडायला कित्येक महिने लागत होते. अमेरिकेत लष्करी गणवेशाचा धंदा टिकला तो १९४१च्या बेरी तरतुदीमुळे. तिच्यानुसार लष्कराला तंतूपासून शिलाईपर्यंत देशातच बनलेलं कापड घ्यावं लागतं.

स्मार्ट कापडावर संशोधन जरूर व्हावं. पण त्याच्या नावाने गिरणीसाठी अनुदान मागणाऱ्याने आधी दाखवावं की रंगाई कुठे होणार, शिवणार कोण, आणि पहिली पाच वर्षं माल कोण उचलणार.