‘सूट घातला की झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोव्यातल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्लीनरूममध्ये, म्हणजे चिपा बनवायच्या धूळमुक्त प्रयोगशाळेत, पांढरा सूट चढवला की झालं. हवा फिल्टर साफ करतात, अंगाची काळजी सूट घेतो, बाकीचे नियम नव्या मुलांना धाकात ठेवण्यासाठी. मुरलेल्या माणसानं रात्री एकट्यानं काम केलं तर बिघडत नाही, आणि नोंदवही म्हणजे निव्वळ कारकुनी. यातलं एकेक विधान तपासायला हवं, कारण यावर विश्वास ठेवून कोणीतरी उद्या हात भाजून घेईल.

‘हवा फिल्टर साफ करतात.’ करतात. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. पण फिल्टर छतात असतो आणि आपण त्याच्या खाली उभे असतो. खाली उतरणाऱ्या स्वच्छ हवेत जी घाण मिसळते ती बहुतेक आपलीच. हवेच्या स्वच्छतेच्या आयएसओ मापात वर्ग 5 च्या खोलीत घनमीटरमागे अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण 3,520 च्या वर जाऊन चालत नाहीत. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा मिनिटाला लाखभर सूक्ष्म कण सोडतो असा ढोबळ हिशेब या क्षेत्रात धरतात. म्हणून टाल्कम पावडर नको, काजळ नको, साधा कागद नको. शिगम्याचा गुलाल केसांत असेल तर न्हाऊन यायचं, आणि बुटांना चिकटलेली चिऱ्याची लाल माती बाहेरच ठेवायची.

आपल्याकडे मिठाचाही प्रश्न आहे. घामात सोडियम असतं, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातही असतं. सोडियमचे आयन सिलिकॉन ऑक्साइडच्या थरात शिरले की व्होल्टेजखाली सरकत राहतात आणि ट्रान्झिस्टर कधी चालू होणार याचा हिशेबच बिघडवतात. डोळ्यांना काही दिसत नाही. कळतं ते सगळी प्रक्रिया संपवून मोजमाप घेतल्यावर.

नियम कोणासाठी, हे सोन्यावरून सर्वांत नीट कळतं. सोन्याचा थर दिलेला नमुना कोणी सिलिकॉनच्या भट्टीत घातला तर त्याचं स्वतःचं काम कदाचित निभावेल. पण सोनं तापलेल्या सिलिकॉनमध्ये झपाट्यानं पसरतं, भट्टीच्या नळीच्या भिंतींवर उरतं, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या वेफरमध्ये, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीत, उतरतं. माझ्या पाहण्यातल्या एका प्रयोगशाळेत याच कारणानं पीएचडी करणाऱ्या मुलीचे नमुने एकामागून एक वाया गेले. भट्टीत आधी काय गेलं होतं हे कोणी लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे ती आपल्याच पद्धतीत चूक शोधत राहिली. सोन्याला लागलेला चिमटा सिलिकॉनला लावायचा नाही, हा नियम म्हणजे तिच्या वर्षाची राखण आहे. याला कारकुनी म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

‘अंगाची काळजी सूट घेतो.’ हे विधान सर्वांत घातक. तो सूट पॉलिएस्टरचा असतो आणि वेफरला आपल्यापासून वाचवतो, आपल्याला आम्लापासून नाही. आम्ल हाताळताना त्यावर वेगळा एप्रन, चेहऱ्यावर शील्ड आणि जाड रासायनिक हातमोजे लागतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल पातळ असलं तर कातडीवर पडल्यावर लगेच दुखतही नाही. दुखणं कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तोवर फ्लोराइड आत उतरून रक्तातलं कॅल्शियम खेचू लागलेलं असतं, आणि त्यातून हृदय बंद पडू शकतं. शिंतोडा उडाल्याची नुसती शंका आली तरी भरपूर पाण्यानं धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळायचं आणि बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरायची. तिथं पोचल्यावर ‘अ‍ॅसिड पडलं’ एवढंच न सांगता आम्लाचं नाव सांगायचं. जेलची मुदत संपली नाही ना, हे काम सुरू करण्याआधी पाहायचं.

याच ओघात आणखी एक गैरसमज. आडवा लॅमिनार फ्लो असलेलं टेबल हवा आपल्या तोंडावर फेकतं, फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढणारं कपाट, ती आत ओढतो. त्या टेबलावर सॉल्व्हंटची बाटली उघडली की वाफ सरळ नाकात.

‘मुरलेल्याला एकट्यानं चालतं.’ पिरान्हा द्रावण, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, मिसळताच उकळू लागतं. त्यात अ‍ॅसिटोन गेलं तर स्फोट होऊ शकतो, आणि बाटलीला घट्ट झाकण लावलं तर ती साठलेल्या वायूनं फुटते. डोळ्यांत उडालं तर आय-वॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत, हात धरून नेणारं कोणी हवं, मग अनुभव कितीही असो. त्यात पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो. अशा वेळी हातातलं काम सुरक्षित ठेवून बाहेर पडायचं, जनरेटरची वाट पाहत वेट बेंचपाशी, म्हणजे रसायनं हाताळायच्या टेबलापाशी, उभं राहायचं नाही.

एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. प्रशिक्षणात नियम सांगतात, कारणं सांगत नाहीत, आणि मग मुलांना तो धाकच वाटतो. हे सांभाळणाऱ्यांनी बदलायला हवं.

राहिली नोंदवही. कोणता पदार्थ, किती तापमान, काय सांडलं, काय बिघडलं, एवढं लिहायला दोन मिनिटं पुरतात. यंत्राची वेळ घेऊन येणार नसाल तर ती आदल्या दिवशीच सोडा. बीकरवर नाव, तारीख आणि आत काय आहे ते लिहा. बिनानावाचं पारदर्शक द्रावण पाणी आहे की आम्ल, हे पुढच्यानं कसं ओळखायचं?