सिनेमा बघून झाला, मग पुस्तकात उरलं काय?

पम्याने 'द रोड' हा सिनेमा बघितलाय, कॉर्मॅक मॅकार्थीच्या कादंबरीवरचा. जगाची राख झाल्यावर तग धरणाऱ्या बापलेकाची ही कहाणी. बाप शेवटी मरतो हे त्याला माहीत आहे. मग तीच राख पुन्हा पानोपानी कशाला चिवडायची, हा त्याचा सवाल. "बापलेक चालतात, खायला शोधतात, माणसं खाणाऱ्यांपासून लपतात. संपलं! गोष्ट कुठाय?"

"गोष्ट नाहीच, म्हणून तर शेवट कळल्याने काही बिघडत नाही," शर्वरी म्हणाली. तिने सिनेमानंतरच कादंबरी वाचली.

संज्याची तक्रार वेगळीच. "मला बाप म्हटलं की सिनेमातला नट व्हिगो मॉर्टेन्सनच दिसतो. मॅकार्थीने बापाला नावसुद्धा दिलेलं नाही, आणि माझ्या डोक्यात त्याचा दाढीसकट चेहरा पक्का! वर संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. कोण बोलतंय हे ओळी मोजून ठरवायचं."

"मोज की! तेवढ्यासाठी कादंबरीचं २००७ चं पुलित्झर पारितोषिक काढून घेणार आहेस का?" शर्वरी म्हणाली.

मला मात्र सिनेमापेक्षा कादंबरी कमी अंधारी वाटली. सगळे माझ्यावर तुटून पडले. पम्या तर चहा ठेवून उभाच राहिला. "अरे, बाळ भाजतात तो प्रसंग सिनेमावाल्यांनीसुद्धा गाळला, आणि तू म्हणतोस कमी?"

बाळाचं खरं आहे. ते पान मलाही सोसवलं नाही. पण दिग्दर्शक हिलकोटच्या २००९ च्या सिनेमात करडा रंग डोळ्यांत असा भरतो की बापाचे हात नीट दिसतच नाहीत. पुस्तकात हा माणूस सतत काहीतरी करत असतो. सामानाच्या ढकलगाडीचं चाक दुरुस्त करतो. सुरुवातीलाच एका ओसाड पेट्रोलपंपावरून दोघं पुढे निघतात. थोडं गेल्यावर तो थांबतो, आपण विचारच करत नाही आहोत असं म्हणतो आणि मागे फिरतो. तिथल्या कचऱ्यातल्या तेलाच्या रिकाम्या बाटल्या उलट्या करून तळाचं थेंब थेंब तेल गोळा करतो, रात्रीच्या दिव्यासाठी. जग संपलंय आणि हा बाटल्या निथळवतोय! ज्याला उद्याची काहीच आशा नाही, तो असला उद्योग करेल का?

"सिनेमात जिवंत किडा दाखवलाय, तीही आशाच," पम्या म्हणाला.

"ती दिग्दर्शकाने आणून दिलेली," शर्वरी म्हणाली. "शेवटी कुत्र्यासकट अख्खं कुटुंबही दिलंय. पुस्तकात अनोळखी माणूस बंदूक घेऊन समोर येतो. पोरगा त्याला सरळ विचारतो, तुम्ही माणसं खाता का? तो नाही म्हणतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते पोरानेच ठरवायचं."

"आणि खोटं बोलत असला तर?"

"खोटं तो बोलत नाहीये, पम्या. पुढे वाच ना."

"वाचणार नाही म्हटलं ना! तूच सांग."

शर्वरीने सांगितलं नाही. संज्या सांगायला लागला, तर तिने त्याला गप्प केलं.