तीन महिने कुणाला सांगायचं नाही

हा आपल्याकडचा नियम मला आता अजिबात पटत नाही. बहुतेक गर्भपात होतात ते पहिल्या बारा आठवड्यांतच. म्हणजे बाईला माणसांची गरज लागण्याची शक्यता जेव्हा जास्त, नेमकं तेव्हाच तिला गप्प बसवायचं. दिवस गेलेलेच कुणाला ठाऊक नाही, मग रडायचं कुणापुढे?

माझ्या धाकट्या जावेचं तेच झालं. (तिला विचारूनच लिहितेय.) सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत. क्युरेटिंग झालं, म्हणजे पिशवी साफ केली, आणि सोमवारी ती घणसोलीहून ठाणे लोकल पकडून कामावर हजर. ऑफिसात "तब्येत बरी नव्हती" एवढंच सांगितलेलं, त्यामुळे रजा सिक लीव्हमध्ये गेली. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून बाईच्या हक्काची आहे. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मोबाइलमधलं ते प्रेग्नन्सीचं ॲप मात्र चालूच होतं. "बाळ आता लिंबाएवढं झालं!" भाजी निवडता निवडता तिने तो मेसेज मला दाखवला. ॲप काढून टाकायला तिचा हात होत नव्हता. मीही काढ म्हटलं नाही.

ज्यांना कळलं त्यांनी चौकशी लावली. पपई खाल्लीस का? स्टेशनचे जिने चढत होतीस ना? अहो, सुरुवातीच्या गर्भपातांत निम्म्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिन्याचा आणि पपईचा काय संबंध! या प्रश्नांनी ती रात्ररात्र हिशेब करत बसायची, त्या दिवशी मी काय उचललं, काय खाल्लं.

आणि "वय आहे, दुसरं होईल". होईलही. पण गणपतीच्या सुमारास येणार होतं ते हे होतं. भावजींना तर सगळे "तिला सांभाळ" एवढंच सांगून गेले, त्यांना कुणी विचारलंच नाही.

तिच्याशी खऱ्या अर्थाने बोलल्या त्या आमच्या सासूबाई. त्यांचं पहिलं असंच गेलं होतं, हे इतक्या वर्षांत आम्हाला माहीतच नव्हतं. त्या दुपारी दोघींनी जेवणाची ताटं तशीच ठेवली.

झोप उडाली असेल, आठवडे गेले तरी अन्न जात नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि घणसोली-ऐरोलीत कुणाला नुसतं सोबत बसायला माणूस हवं असेल, तर इनबॉक्स करा. जाऊ आणि मी, दोघीही येऊ.