दहा पैशाला दोन लाख? आधी आजीची चंची आठवा!

"झिजलेली, खड्डे पडलेली जुनी नाणी म्हणजे टांकसाळीची चूक! एकेकाला दोन लाख. रिझर्व्ह बँकेची मान्यता." हा मेसेज कितीदा आला, मी सोडून दिला. परवा आत्याचा फोन आला, "अरे, 1150 रुपये नोंदणी फी मागतायत, भरू का?" मग मात्र डोकं फिरलं.

तिचं नाणं पाहिलं. फुलासारख्या कडेचं, ॲल्युमिनियमचं दहा पैसे, 1972 चं. एका बाजूची अक्षरं खाल्लेली, खाचांत पांढरी पूड. आलं कुठून? आजीच्या चंचीतून! तिथे सुपारी, कात आणि कधीच घट्ट न बसणाऱ्या झाकणाची चुन्याची डबी. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला राखतो. ओला चुना तो थर विरघळवतो आणि मग आतला धातू खात सुटतो. यात टांकसाळीचा काय दोष? छाप कच्चा बसला असता तर अक्षरं पुसट आली असती, असे खड्डे पडले नसते. आणि वजनही भरलं असतं. सोनाराच्या काट्यावर घातलं: साधारण 2.3 ग्रॅम हवं, भरलं 1.9.

त्या मेसेजात पुढे आणखी दावे. 'पसरट नाणं दुर्मिळ' म्हणे. लहानपणी रुळावर पैसे ठेवून गाडीची वाट पाहिली नाहीत का कुणी? 'भोकाचं नाणं' म्हणजे पोराच्या करगोट्यात ओवायला मारलेला खिळा. मागे उचललेली कड बोटालाही लागते. 'चुंबकाला चिकटतं म्हणून दुर्मिळ' तर आपली स्टीलची नाणी चिकटतातच.

एक मान्य करतो. छाप खरोखरच एका बाजूला सरकलेली नाणी असतात आणि संग्राहक त्यांना चांगले पैसे मोजतात. पण ते नाणं हातात घेऊन, भिंगाखाली बघून. फोटो मागवून आधी फी घेत नाहीत.

राहिली 'मान्यता'. 4 ऑगस्ट 2021 ला रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं होतं की जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. वर हे दहा पैसे तर 30 जून 2011 पासून चलनातच नाहीत.

आत्याची फी वाचली. नाणं तिने परत चंचीत ठेवलंय, चुन्याची डबी तेवढी बाहेर काढली.