पास काढलाय, तर उतरायचं कशाला?

आज सकाळी सोसायटीची सभा अर्धी टाकून उठले. खुर्ची मागे सरकवताना जरा मोठाच आवाज झाला. मुद्दाम नव्हता केला, पण झाला ते बरंच झालं.

विषयपत्रिकेवर सातवा विषय. टँकर, लिफ्टची एएमसी, गणपतीची वर्गणी उरकली आणि मग आलं, 'गेटसमोरील बसथांबा अन्यत्र हलवण्याबाबत'. कारण काय, तर थांब्यावर कोणीही येऊन बसतं, गाडी बाहेर काढताना बस आडवी येते आणि (हे जरा हळू आवाजात) फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होतो. मी म्हटलं, बसथांब्यावर कोणीही येऊन बसणारच, त्याचसाठी असतो तो. त्यावर एक सद्गृहस्थ हसून म्हणाले, "अहो मॅडम, पण आपल्यातलं बसने जातं कोण?"

आपल्यातलं!

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना सांभाळायला येणारी मुलगी बसने येते. माझ्याकडच्या पोळ्यांच्या मावशी दोन बस बदलून येतात. रात्रपाळीचे वॉचमन बसनेच घरी जातात. ही माणसं आपल्यातली नाहीत, त्यांच्या हातच्या पोळ्या तेवढ्या आपल्यातल्या. असो. चिडून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर मला तिथे बसल्या बसल्या आत्या आठवली. माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना ती माहीत आहे. शाळेत क्लार्क होती, लग्न केलं नाही, नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायची. रिटायर झाल्यावर बायका काशीला जातात, अष्टविनायक करतात. आमची आत्या महिन्यातून एकदा पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, दैनिक पास काढायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुणं आणि पिंपरी-चिंचवड पालथं घालायची. कामासाठी नाही हं. कोणाकडे जायचंही नसायचं. एका पासात किती लांब जाता येतं, एवढंच बघायचं. 'पास वसूल' हा तिचा शब्द. घरी आली की कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात बसची संख्या लिहायची. वरच्या कोपऱ्यात दूध, खालच्या कोपऱ्यात बस.

२०२३च्या दिवाळीनंतर एकदा मी तिच्याबरोबर गेले. खरं तर तिला एकटीने सोडायला नको म्हणून गेले होते. ती तेव्हा ७४ वर्षांची. दुपारी चार वाजता मीच रडकुंडीला आले होते, ती नाही.

सकाळी साडेसातला शनिपारला भेटलो. मला वाटलं, निगडीला जायचंय तर इथूनच बसू. तर नाही, आधी उलट्या दिशेला कात्रज. म्हटलं, आत्या, अगं उलटं कशाला? म्हणाली, "टोकापासून टोकापर्यंत म्हणजे टोकापासून." कात्रजला उतरून निगडीची गाडी पकडली, डावीकडची खिडकी मिळवली. पाऊण तासाने तीच गाडी आम्हाला घेऊन बाजीराव रस्त्याने परत शनिपारला हजर. जिथून निघालो तिथेच! आत्याने खिडकीतून बोट दाखवून मला गंभीरपणे सांगितलं, "ते बघ, त्या बोळात एक म्हातारी राहते. आज घरी नाहीये."

तिचे नियम कडक होते. मध्ये रिक्षा करायची नाही. गेल्या रस्त्याने परत यायचं नाही. डबा घरचा. चहा विकतचा चालेल. आणि कोणी "कुठे जायचंय?" विचारलं तर खोटं बोलायचं नाही. त्यामुळे कंडक्टरने विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "गाडी जाईल तिथे." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते बोपोडीपासून पुढचं. हॅरिस पुलावर मुळा ओलांडली की पुणं संपतं आणि पिंपरी-चिंचवड लागतं. कारमधून मी त्या पुलावरून शंभर वेळा गेले असेन, मला नदी दिसलेली आठवत नाही. कारमध्ये आपण पुढच्या गाडीचा नंबर वाचत असतो. त्या दिवशी बसच्या उंचीवरून नदी दिसली, जलपर्णीने हिरवीगार झालेली, म्हणजे वाईटच दिसली, पण दिसली. बाजूने मेट्रो गेली. आत्या म्हणाली, "छान आहे, पण फार भर्रकन जाते." (मेट्रो वेगवान आहे, थंडगार आहे, मीही जाते. लगेच कमेंटमध्ये येऊ नका.)

दापोडीला एक मुलगा शेजारी येऊन बसला. मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, त्याला सुतळी बांधलेली. लातूरकडचा होता, स्पर्धा परीक्षेसाठी आलेला, दापोडीला मामाकडे उतरलेला आणि पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरती, जागा शोधत होता. आठ दिवस झाले, म्हणाला, पुणं कळतच नाहीये, सगळे नुसतं 'तिथून सरळ' म्हणतात. त्यात बिचारा उलट्या दिशेच्या गाडीत चढला होता. आत्याने त्याला काय सांगावं? "खोली नंतर शोध. आधी एक दिवस पास काढ आणि फिर. कुठे काय आहे ते पायाला कळलं पाहिजे." तो हसला. मग कासारवाडीपर्यंत ती त्याला पुणं समजावत होती, मंडई मध्ये धरून. त्याने झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला. राज्यघटनेचं कुठलंसं प्रकरण होतं त्या कागदावर. नाशिक फाट्याला उतरला, परतीची बस धरायला. उतरताना आत्याच्या पाया पडायला वाकला, तर ड्रायव्हरने मागे वळून "अहो, उतरा की" असं ओरडून घेतलं.

आता मला सांगा, हे ॲपवरून मागवलेल्या कॅबमध्ये होतं का?

नाही होत. आणि ज्यांना हे कळत नाही त्यांना बसथांबा म्हणजे फक्त गाडी काढताना येणारी अडचण वाटते.

बरं, पैशाचंच बोलायचं तर बोलू. १ जून २०२५ पासून पीएमपीचे दर वाढले. चाळीसचा दैनिक पास थेट सत्तरचा झाला, नऊशेचा मासिक पास पंधराशेचा. सत्तरच्या पासात दोन्ही महापालिकांची हद्द, पीएमआरडीएचा, म्हणजे शहराबाहेरच्या परिसरासकट पूर्ण भाग हवा असेल तर दीडशे. सीएनजी महागलं, पगार द्यायचे असतात, वर्षानुवर्षं दर वाढवले नव्हते, सगळं मान्य. पण मासिक पासात एकदम सहाशे रुपयांची वाढ माझ्या मावशींना सोसायला लागते, त्यांचा पगार आपण किती वाढवला हो गेल्या वर्षी? मी किती वाढवला ते इथे लिहीत नाही, कारण लाज वाटते. सभेत बोलणाऱ्यांनीही आपापला आकडा आठवून बघावा.

तरीही सांगते, सत्तर रुपयांत आजही या शहराइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. कात्रज-निगडीचं एका बाजूचं तिकीटच आता साठच्या घरात आहे. म्हणजे परतीचा सगळा प्रवास आणि वर दिवसभर जिथे जाल तिथे, दहा रुपयांत. २०२१ मध्ये पेठांमध्ये 'पुण्यदशम' बस सुरू झाल्या तेव्हा तर दहा रुपयांतच दिवसभर फिरता यायचं. आत्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात भाजी आणायला मंडईत चार वेळा जाऊन आली होती. एकदा कोथिंबीर विसरली म्हणून, बाकी तीनदा काय विसरली ते तिने सांगितलं नाही.

बससाठी ताटकळावं लागतं, गर्दीत घामाने जीव नकोसा होतो, बायकांना धक्के खावे लागतात, हे मला कोणी सांगायला नको. कॉलेजची पाच वर्षं मी पीएमटीच्या (पीएमपीच्या आधीची पुण्याची बस) दांड्याला लोंबकळून काढली आहेत. घाईत असेल त्याने जावं कारने. मीही जाते, ऑफिसला कारनेच जाते. झालं समाधान?

पण आत्याचं म्हणणं वेगळंच होतं. निगडीला भक्ती-शक्तीच्या बागेत आम्ही डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं गोड लोणचं आणि स्टीलच्या चपट्या डबीत दोन पोळीचे लाडू. समोर तुकोबा आणि शिवराय भेटतायत, वर तो प्रचंड झेंडा. मी विचारलं, आत्या, पण का गं करतेस हे? लाडू खाता खाता म्हणाली, "बत्तीस वर्षं घर ते शाळा, शाळा ते घर. मधले अकरा थांबे. बस पुढे कुठे जाते ते कधी बघितलंच नव्हतं."

एवढंच. मग लाडवाचा चुरा तळहातावर घेऊन तोंडात टाकला आणि म्हणाली, चल, भोसरीची गाडी लागली असेल.

भोसरी, तिथून आळंदी रस्त्याने विश्रांतवाडी, मग पुणे स्टेशन, मग हडपसर. विश्रांतवाडीला मी हाय खाल्ली. पाय सुजले होते, मोबाइलची बॅटरी संपली होती. म्हटलं, आत्या, आता रिक्षा करू, मी देते पैसे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेच्या दाखल्यावर खाडाखोड करायला सांगितली. हडपसरला गाडीतळावर सासवडच्या गाडीची पाटी बघून तिचे डोळे लकाकले. वाटेत दिवे घाट! पण आमच्या पासाची हद्द अलीकडेच संपत होती. "तिकीट काढून जाऊ की," मी म्हटलं. वीस-तीस रुपयांचा तर प्रश्न. म्हणाली, "मग त्यात काय मजा?" पूलगेट, स्वारगेट करत साडेआठला घरी. नऊ बस. कॅलेंडरवर नऊ लिहिले आणि भोवती गोल केला, म्हणजे विक्रम असावा.

गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता चुलतभावाकडे असते. वॉकर घेऊन हॉलपर्यंत येते. बस बंद. ती स्वतः त्याबद्दल काही बोलत नाही, आपणच बोलायला गेलो तर टीव्हीचा आवाज वाढवते.

म्हणून सकाळी माझं डोकं फिरलं असावं. थांबा हलवून चौकाच्या पलीकडे नेणार म्हणे, पाच मिनिटांचा तर फरक. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांची पाच मिनिटं! चौकात सिग्नल नाही, फुटपाथवर चायनीजची गाडी. पोळ्यांच्या मावशींनी तो रस्ता सकाळी सहा वाजता ओलांडायचा, का तर कोणाची तरी एसयूव्ही एका झटक्यात बाहेर निघावी.

हं. जरा चहा पिऊन आले.

ते सद्गृहस्थ वाईट नाहीत. मागे लॉकडाऊनमध्ये त्यांनीच सगळ्या मजल्यांवर दूध पोचवलं होतं. त्यांना खरंच माहीत नसेल कोण बसने येतं ते. पण माहीत करून घ्यायला त्यांनी थांब्यावर दहा मिनिटं उभं राहावं, एवढं मी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल तीन हात जोडलेले आले आणि एक 'शुभ रात्री' लिहिलेला गुलाब. संध्याकाळी साडेसहाला.

मग आत्याला फोन केला. सगळं रामायण सांगितलं. मला वाटलं, तीही चिडेल, निदान मला शाबासकी तरी देईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या थांब्यावरून कुठे कुठे जातात गं गाड्या?"

मी म्हटलं, स्वारगेट.

"आणि?"

अकरा वर्षं राहतेय मी इथे. गेटसमोर. सकाळी तावातावाने भांडून आले. आणि मला स्वारगेटच्या पुढे एक नाव सांगता येईना. म्हटलं, थांब, बघून सांगते.

जेवण झाल्यावर खाली गेले. थांब्यावरच्या पाटीवर एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला, गॉगल, हात जोडलेले, आजूबाजूला तीस समर्थकांचे पासपोर्ट फोटो. पाटी पूर्ण झाकलेली. वॉचमनकाका आले, "काय हरवलंय का ताई?" म्हटलं, नाही, बसचे नंबर वाचायचेत. त्यांनी काही न विचारता फ्लेक्सचा खालचा कोपरा वर धरला आणि मी मोबाइलच्या उजेडात वाकून वाचलं. सहा मार्ग आहेत. सहा! त्यातला एक सरळ पिंपरीला जातो, आणि काका रोज त्याच बसने घरी जातात, हेही मला आजच कळलं.

परत फोन लावला तर दहा वाजून गेले होते. आत्या झोपेत होती. म्हणाली, "सकाळी सांग. कागदावर लिहून ठेव, नाहीतर विसरशील."