कारखाना विकताय? यादी मात्र चोख करा

भाऊ, कामठी रोडवरचा पंधरा वर्षांचा फॅब्रिकेशनचा कारखाना विकायचं ठरलं ना एकदाचं? मग करारनाम्याला यादी जोडा. लेथ 8 लाख, क्रेन 12 लाख, ऑफिसातला कूलर 3 हजार. कूलर सोडू नका, नागपूरचा उन्हाळा आहे.

चालता धंदा देण्या-घेण्यासकट एका ठोक रकमेला दिला, तर आयकर कायदा त्याला ‘स्लम्प सेल’ म्हणतो. पूर्ण नफा भांडवली, जुन्या कारखान्याला दर 12.5 टक्के, वर अधिभार आणि सेस. इतकं सरळ काम तुम्हाला शोभत नाही. वस्तूनिहाय किमती टाकल्या की हे सगळं मोडतं: यंत्रांवरचा नफा अल्पकालीन ठरून नेहमीच्या दराने, मालावरचा नफा धंद्याच्या उत्पन्नात, शिवाय यंत्रांवर साधारण 18 टक्के जीएसटी. चालत्या धंद्याच्या हस्तांतरावर जीएसटी माफ आहे, पण फुकटाची सवय वाईट. (स्टॅम्प ड्युटीसाठी जमिनीची वेगळी किंमत लिहिली तर कायदा तिला यादी धरत नाही. हिरमुसू नका, कूलर आहेच.)

सीएने यादी फाडलीच, तर नेटवर्थ, म्हणजे मालमत्ता वजा देणी, फुगवा. जमीन वहीत 20 लाखांना आहे, ती 1 कोटी करा. नफा म्हणजे किंमत वजा नेटवर्थ, म्हणून नेटवर्थ वाढली की कर घटला! फक्त कायदा पुनर्मूल्यांकन बघतच नाही. यंत्रं घसारा वजा जाता 40 लाख, माल आणि लोकांकडून येणारी उधारी 60, जमीन तीच 20, देणी 50. नेटवर्थ 70 लाख. इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे जुनी किंमत वाढवून धरणं, नाही. 2 कोटींना विकलं तर नफा 1.30 कोटी, कर 16.25 लाख.

थांबा, किंमतही आपल्या हातात नाही. मे 2021 च्या नियमाने जमीन रेडी रेकनरच्या, म्हणजे स्टॅम्प ड्युटीच्या सरकारी दरपत्रकाच्या, भावाने धरतात. तो भाव 1.80 कोटी निघाला तर 40, 60 आणि 180 मधून 50 वजा जाता 2.30 कोटी. करारातली किंमत आणि ही, यातली मोठी ती खरी. म्हणजे जे 30 लाख तुम्ही कधी पाहिलेच नाहीत, त्यांवरही पावणेचार लाख कर. सौदा पक्का झाल्यावर रेकनर उघडायचा, तर्री पोहे खाऊन.

आणि पैसे हाती पडताच जीएसटी नोंदणी रद्द करून टाका. शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) खरेदीदाराकडे न्यायला आधी आयटीसी-02 फॉर्म, देणीही गेली असं सीएचं प्रमाणपत्र आणि पोर्टलवर खरेदीदाराचा होकार लागतो. एवढी कटकट कोण करतं? राहिलेल्या मालावरचं क्रेडिट उलटून भरा, बस. जुनी जीएसटी थकबाकी असली तर ती दोघांकडून वसूल होऊ शकते, हे खरेदीदाराला सांगू नका. त्यालाही नोटीस वाचायचा आनंद मिळू द्या.